नेपाळला बाटल्या पाठवण्याआधी

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि ठेच्याच्या तीन बाटल्या काल पोचल्या. संध्याकाळी कळण्याच्या भाकरीबरोबर एक बाटली उघडली. नंदुरबारच्या पथारीवर, म्हणजे उघड्या मैदानात, सुकवलेली मिरची लगेच ओळखू येते. रंग तर सुरेखच, आणि लसूण शेंगदाण्याच्या तेलात बरोबर मुरलाय. चव तुझी पक्की आहे. पण काठमांडूच्या व्यापाऱ्यानं फोनवर पाच हजार बाटल्या मागितल्या आणि तू कर्ज काढायच्या विचारात आहेस, हे वाचून रात्री झोप लागली नाही. म्हणून सकाळीच लिहायला बसलो.

सगळ्यात आधी लसणाचं. तेलात बुडालेल्या लसणाला हवा लागत नाही, आणि आंबटपणा कमी पडला तर त्या बिनहवेच्या जागी बोट्युलिझमचे जंतू विष तयार करू शकतात. वास येत नाही, चव बदलत नाही, माणूस मात्र दगावू शकतो. घरचा ठेचा चार दिवसांत संपतो, म्हणून आपल्या घरच्या आई-आज्यांना याचा विचार करावा लागला नाही. तुझी बाटली महिनोन्महिने उभी राहणार आहे. पीएच, म्हणजे आंबटपणाचा आकडा (जितका कमी तितकं जास्त आंबट), ४.६ च्या खाली हवाच. मी तर म्हणेन ४ च्या आसपास ठेव. लिंबूरस किंवा व्हिनेगर वजन करून घाल, अंदाजानं नको. कागदी पट्टीवर मिरचीचा लाल रंग चढतो आणि खरा आकडा दिसत नाही, त्यामुळे मीटर घे. मोजण्याआधी वरचं तेल काढ आणि लसणाच्या तुकड्यांसकट सगळं मिक्सरमधून फिरव. प्रत्येक घाण्याचा आकडा वहीत तारखेसह लिही. ही वही झाल्याशिवाय एकही बाटली गावाबाहेर जाऊ देऊ नकोस.

आता रस्त्याचं. नेपाळला समुद्र नाही. परदेशातून येणारा त्यांचा बराचसा माल कोलकाता, हल्दिया नाहीतर विशाखापट्टणमला उतरतो आणि आपल्या देशातून वर जातो. आपल्याला जहाज लागत नाही. भुसावळहून माल निघाला की हजाराहून जास्त किलोमीटरवर बिहारच्या सीमेवरचं रक्सौल, आणि ते ओलांडलं की नेपाळमधलं वीरगंज. कागदावर हे फार सोपं दिसतं. पण सुनौली, जोगबनी अशी दुसरी नाकी असली तरी काठमांडूच्या मालाचा मोठा ओघ रक्सौललाच येतो. सप्टेंबर २०१५ मध्ये नेपाळचं नवं संविधान लागू झालं, तराईत (आपल्या सीमेलगतच्या सपाट भागात) आंदोलन पेटलं आणि ही वाट जवळपास पाच महिने अडली. तिथं गॅस आणि औषधं मिळेनात, मग ठेच्याला कोण विचारतो? समुद्र असलेल्या देशात एक बंदर बंद पडलं तर जहाज दुसऱ्या बंदराला वळतं. इथं ट्रक रांगेतच उभा राहतो, आणि झाकणावरची तारीख काही थांबत नाही.

मी तिकडे पाठवलेली पहिली खेप अडली होती, ती आंदोलनामुळे नाही. खोक्यावरचा बॅच नंबर आणि बाटलीवरचा नंबर जुळेना. चूक माझ्याच पॅकिंगची होती. भर मे महिन्यात एकोणीस दिवस माल पत्र्याच्या गोदामात पडून राहिला. तेल झाकणातून झिरपलं, लेबलं तेलकट झाली. सुटल्यावर दुकानदार म्हणाला, ‘मुदत निम्मी तरी शिल्लक असेल तरच घेतो.’ तेव्हापासून मी हिशेब नफ्यापासून नाही, दिवसांपासून मांडतो. तुझ्या बाटलीच्या बारा महिन्यांच्या मुदतीतले पहिले तीन तुझे नाहीतच असं धर: तपासणी, वाहतूक, भन्सार (तिकडे कस्टमला हाच शब्द आहे), मग आयातदाराचं गोदाम. उरलेल्या दिवसांत दुकानातून जेवढ्या बाटल्या खपतील तेवढ्याच पाठव.

सरकारी हुकुमाचंही तसंच. एप्रिल २०२२ मध्ये परकीय चलन आटलं तेव्हा नेपाळनं काही वस्तूंची आयात बंद केली. त्या यादीत महागडे मोबाइल आणि गाड्या होत्या, आणि बटाट्याचे चिप्सही होते. बंदी पुढे उठली, पण हात आखडता घ्यायचा म्हटलं की खाऊच्या पाकिटावर नजर जाते हे दिसलं. मे २०२४ मध्ये आपल्याकडच्या दोन मोठ्या मसाला कंपन्यांचा माल तिथं इथिलीन ऑक्साईडच्या (जंतू मारायला वापरतात त्या वायूच्या) संशयावरून थांबवला गेला. मोठी कंपनी असा धक्का पचवते, तुझं घर पचवू शकणार नाही. मिरचीच्या प्रत्येक लॉटचा प्रयोगशाळेचा अहवाल घे. पथारीवर जमिनीलगत सुकलेल्या मिरचीत अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विषही तपासून घे.

चलनाची धास्ती मात्र कमी आहे. १९९३ पासून आपला एक रुपया म्हणजे त्यांचे १.६०. पैसे आपल्याच रुपयांत माग. अर्धे आधी, उरलेले माल रक्सौलला पोचण्यापूर्वी. तोंडी ऑर्डरवर बाटली भरायची नाही. त्याला भाव सांगताना तिथला १३ टक्के व्हॅट आणि सीमाशुल्क कोण भरणार हे लिहून घे.

बाजाराबद्दल माझं मत तुला आवडणार नाही. नेपाळी घरात अचार रोज ताजा वाटतात: टोमॅटो, तीळ, टिमूर (तिरफळासारखा मसाला), डल्ले खुर्सानी (गोल, तिखट मिरची). मोमोबरोबरची चटणी तर दुकानदार स्वतःच करतो. तराईत आंब्याचं लोणचं मोहरीच्या तेलातलं. शेंगदाणा तेलाचा वास त्यांना परका आहे, आणि पौष-माघात काठमांडूच्या थंडीत ते गढूळ, घट्ट होतं. ग्राहकाला वाटतं माल बिघडला. थंडीत तेल घट्ट होतं, माल बिघडलेला नसतो, असं लेबलवर नेपाळीत स्पष्ट छाप. घरोघरी जायचा हट्ट सोड. वीरगंज-विराटनगरच्या मारवाडी किराणा दुकानांत आणि भारतीय जेवण देणाऱ्या हॉटेलांत आधी दोनशे बाटल्या ठेव. काचेचं वजनही बरंच असतं, त्याचंही भाडं तूच भरतेस, म्हणून हॉटेलांसाठी पाच किलोचा डबा बघ. डब्यालाही पीएचचा नियम तोच.

राहिलेल्या दोन बाटल्यांपैकी एक फ्रिजमध्ये ठेवलीय. दुसरी गच्चीवरच्या पत्र्याखाली आडवी ठेवलीय, खाली पांढरा कागद घालून. पंधरा दिवसांनी ये, कागद बघू. येताना वही आण.

तुझा,
काका
जळगाव