पहिल्यांदाच डायव्हिंगच्या सहलीला जातोयस? बोनेर गाठ

पैसे वाचवायचे असतील तर बोटीवरून स्कूबा डायव्हिंग करायचा नाद सोड आणि कॅरिबियन समुद्रातलं बोनेर बेट गाठ. तिथे किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर पिवळे रंगवलेले दगड दिसतात, त्यांवर डाइव्ह साइटचं, म्हणजे बुडी मारायच्या जागेचं नाव. गाडी लावायची, हवेची टाकी पाठीवर घ्यायची, चालत पाण्यात शिरायचं. चौघं मिळून एक पिकअप भाड्याने घ्या, खोली स्वयंपाकघर असलेली बघा. खर्च तिथेच उतरतो.

बूट मात्र जाड तळाचेच घे. काठावर तुटलेल्या प्रवाळाचा खच असतो, लाटेत पाय हमखास सरकतो. माझा घोटा असाच मुरगळला, दोन दिवस खोलीत काढले. हातमोजे नेऊ नकोस, तिथल्या मरीन पार्कमध्ये, म्हणजे संरक्षित समुद्रात, त्यांना बंदी आहे. आणि पाण्यात उतरताना गाडीत पाकीट, फोन काहीच ठेवू नकोस, हे अगदी कळकळीने सांगतोय.