जोसाच्या (आयआयटी-एनआयटीच्या संयुक्त प्रवेशप्रक्रियेच्या) पहिल्या फेरीत मुलीला गोव्यातल्या कुंकळ्ळीच्या एनआयटीत नको असलेली शाखा मिळाली. फ्रीझ करावे (म्हणजे हीच जागा पक्की करावी) की फ्लोट?

वरच्या पसंतीची आस असेल तर फ्लोटच करा. मिळालेली जागा तुमच्याकडेच राहते आणि पुढच्या फेऱ्यांत यादीतल्या वरच्या पसंतींचाच विचार होतो. मात्र वरची जागा मिळाली की आधीची आपोआप जाते, परत मागता येत नाही. त्यामुळे दूरच्या राज्यातले एखादे कॉलेज यादीत वर टाकले असेल, तर मुलीला तिकडे खरेच जायचे आहे का, हे आजच तिला विचारा. गोव्यातच राहायचे, फक्त शाखा बदलून हवी, एवढेच असेल तर स्लाइड निवडा.

मला खरी काळजी वेगळीच वाटते. फ्लोट केले तरी जागा स्वीकारण्याचे शुल्क भरून कागदपत्रे मुदतीतच अपलोड करावी लागतात. कागदपत्रांवर शंका आली तर ती पोर्टलवर दिसते आणि वेळेत उत्तर न दिल्यास जागा रद्द होते. ओबीसी दाखला असेल तर तो या वर्षीच्या १ एप्रिलनंतरचा आहे ना, ते आत्ताच काढून बघा. पोर्टलवरची शंका वेळेत दिसावी म्हणून दिवसातून दोनदा तरी लॉगिन करा. फक्त मेसेजच्या भरवशावर राहू नका.

फर्मागुडीच्या सरकारी इंजिनीअरिंग कॉलेजसाठी पर्वरीच्या तंत्रशिक्षण संचालनालयाची प्रक्रिया वेगळी असते. तो अर्जही चालू ठेवा.

आणि धाकटे भावंड बारावीला कोटा किंवा बेळगावला पाठवायच्या विचारात असाल तर थांबा. एनआयटीसाठी गृहराज्य बारावी जिथून झाली त्यावर ठरते, घर म्हापशात असले तरी; म्हणजे गोव्याच्या गृहराज्य कोट्यातली जागा मागता येणार नाही.