पोट, कंबर, हात : इंग्रजीत शब्द कोठे बदलतो?

आपण धुळ्याला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहात आणि आपला प्रश्न असा आहे की स्टमक, बेली आणि अ‍ॅब्डोमेन या तिन्ही शब्दांपुढे शब्दकोशात ‘पोट’ एवढेच लिहिलेले असताना त्यांत फरक कसा करावा, आणि ‘कंबर दुखते’, ‘हात दुखतो’ अशी वाक्ये इंग्रजीत कशी मांडावीत. मी जळगाव जिल्ह्यात बरीच वर्षे इंग्रजी शिकवले आहे. वैद्यक हा माझा विषय नाही; म्हणून भाषेच्या बाजूने जेवढे सांगता येईल तेवढेच सांगतो.

अ‍ॅब्डोमेन हा जागेचा शब्द आहे. छातीखालच्या पडद्यापासून ओटीपोटापर्यंतचा सगळा भाग, आतल्या यकृत, आतडी, प्लीहा अशा अवयवांसह, त्यात येतो. स्टमक हा त्या जागेतला एकच अवयव, म्हणजे अन्न जेथे प्रथम साठते ते जठर, आणि तो वरच्या बाजूला, बराचसा डावीकडे, बरगड्यांच्या आडोशाला असतो. बेली हा घरगुती शब्द असून त्यात बाहेरून दिसणारे, सुटलेले किंवा खपाटीला गेलेले पोट अधिक अभिप्रेत असते. मराठीत उदर आणि जठर हे नेमके शब्द आहेतच, पण आपल्याकडचा रुग्ण ते कधी उच्चारत नाही. तो ‘पोट दुखस’ एवढेच अहिराणीत सांगतो आणि त्या एका पोटात जठरापासून गर्भाशयापर्यंत सगळे सामावलेले असते. गरोदर बाईला आपण पोटुशी म्हणतो, ते याच सवयीने.

गोंधळ वाढतो तो पुढे. इंग्रज माणूसही घरी बोलताना स्टमक हा शब्द सैलपणे सगळ्या पोटासाठी वापरतो, आणि त्याला ‘स्टमकवर झोपा’ म्हटले तर तो पालथा झोपतो. म्हणजे हा शब्द बोलण्यात रुंद आणि कागदावर अरुंद आहे. माझ्या एका मामांच्या बाबतीत मी स्वतः ही चूक केली. परराज्यातल्या डॉक्टरांना पाठवायच्या कागदावर मी ‘स्टमक पेन’ लिहिले, आणि फोनवर बराच वेळ आंबट ढेकर, जळजळ, जेवणाच्या वेळा यांचीच चौकशी होत राहिली. मामांना दुखत होते ते बेंबीच्या खाली उजवीकडे. ‘उजव्या बाजूला खाली, अ‍ॅब्डोमेनमध्ये दुखते’ एवढे लिहिले असते तरी पुरले असते. तेव्हा रुग्णाला आधी बोट ठेवून जागा दाखवायला सांगावे आणि इंग्रजी शब्द त्यानंतर निवडावा.

कंबरेचा प्रश्न तर मला पोटापेक्षाही महत्त्वाचा वाटतो, कारण येथे शब्दकोशच वाट चुकवतो. कंबर म्हणजे वेस्ट असे आपण शाळेत पाठ करतो, आणि दिवसभर वाकून कपाशी वेचणाऱ्या बाईची कंबर धरली की कागदावर ‘वेस्ट पेन’ लिहून मोकळे होतो. इंग्रजीत वेस्ट म्हणजे बरगड्या आणि खुबे यांच्या मधला निमुळता घेर, जेथे आपण करदोटा बांधतो आणि शिंपी माप घेतो. दुखणे सांगताना तो शब्द सहसा येतच नाही. आपण ज्याला कंबरदुखी म्हणतो ते त्यांच्या भाषेत पाठीचेच दुखणे असते, फक्त खालच्या भागाचे, म्हणून ‘लोअर बॅक पेन’. खुब्याचा सांधा दुखत असेल तर मात्र ‘हिप’.

हाताचे उलटे आहे. आपला हात खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत एकच, तर इंग्रजीत मनगटाच्या पुढे हँड आणि मागे आर्म. शरीररचनेच्या पुस्तकात आर्म आणखी आखडतो आणि खांद्यापासून कोपरापर्यंतच उरतो; कोपराच्या पुढचा तो फोरआर्म. तसेच लेग म्हणजे बोलताना सगळा पाय, पण त्या पुस्तकात गुडघ्यापासून घोट्यापर्यंतचाच. वरची मांडी ती थाय, आणि बसल्यावर मूल जिच्यावर घेतो ती मांडी लॅप. उभे राहिले की लॅप नाहीशी होते. बोटांचेही तसेच : हाताचे फिंगर, पायाचे टो. (आपल्या रावेर-यावलकडे केळी निर्यातीच्या बोलण्यात घडातल्या फणीला हँड आणि एकेका केळाला फिंगर म्हणतात, हे लक्षात ठेवले तर हँड कोठे संपतो ते विसरणार नाही.)

आता ‘दुखणे’. येथे मराठी अधिक श्रीमंत आहे, पण व्याकरण सांभाळावे लागते. ‘माय लेग इज पेनिंग’ हे आपल्याकडे सर्रास ऐकू येते. शरीराच्या दुखण्यासाठी इंग्रजीत पेन हे नाम म्हणून वापरतात आणि क्रियापदाचे काम हर्ट करतो, म्हणून ‘माय लेग हर्ट्स’. एक हा शब्द (उच्चार आपल्या आकड्यासारखाच) मंद, सतत राहणाऱ्या दुखण्यासाठी आहे, आणि डोके, दात, कान, पोट, पाठ अशा ठराविक शब्दांनाच तो जोडला जातो : हेडेक, टूथेक, इअरेक. घसा दुखतो तेव्हा मात्र ‘सोअर थ्रोट’. सोअर म्हणजे हात लावला, गिळले किंवा हालचाल केली की हुळहुळणारे. तोच शब्द नाम झाला की व्रण, जसा खूप दिवस अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला होणारा बेडसोअर. ठसठसते त्याला थ्रॉबिंग, कळ किंवा चमक निघते तिला शूटिंग, आग होते तिला बर्निंग, पायात गोळा येतो त्याला क्रॅम्प. बाळंतपणातल्या कळा त्यांहून वेगळ्या. त्यांना लेबर पेन्स. आणि हार्टबर्नचा हृदयाशी काही संबंध नाही : जठरातले आम्ल अन्ननलिकेत वर आल्याने छातीत जी जळजळ होते, तिचे ते नाव आहे. मात्र छातीत दुखते म्हणणाऱ्या रुग्णाच्या कागदावर हा शब्द स्वतःच्या मनाने लिहू नये; तेथे ‘चेस्ट पेन’ लिहावे आणि ताबडतोब डॉक्टरांना बोलवावे.