वाचकांचे प्रश्न : हिमालयन क्लबची शिखरे आणि वह्या

प्रश्न : आमच्या गिरिभ्रमण मंडळाला पुढील वर्षी २५ वर्षे पूर्ण होत असून त्यानिमित्त स्मरणिका काढण्याचे ठरले आहे. स्मरणिकेच्या आरंभी देशातील एखाद्या जुन्या गिर्यारोहण संस्थेचा परिचय द्यावा असे कार्यकारिणीत सुचवले गेले आणि हिमालयन क्लबचे नाव पुढे आले. ही संस्था कशी स्थापन झाली, आणि तिने सर केलेल्या शिखरांची यादी मिळू शकेल काय?
– एक वाचक, जुन्नर

उत्तर : यादीबद्दलच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात आपली थोडी निराशा होणार आहे. अशी यादी केली, तरी तिच्यावरून संस्थेची ओळख पटणार नाही. हिमालयात जाणाऱ्यांना, मग ते कोणत्याही देशाचे वा संस्थेचे असोत, माहिती आणि माणसे मिळवून द्यावीत आणि ते परतल्यावर त्यांनी जे पाहिले ते लिहवून घ्यावे, हे या क्लबचे सुरुवातीपासूनचे मुख्य काम राहिले आहे.

हिमालयासाठी एखादी संस्था असावी ही कल्पना तशी जुनी आहे. १८६६ मध्येच ड्रू आणि जॉन्सन या दोघांनी ती कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे मांडली होती. पण पुढे साठ वर्षे काहीच झाले नाही. अखेर १९२७ च्या ऑक्टोबरात सिमल्याच्या जाखू टेकडीमागच्या पायवाटेवर फिरताना दोन माणसांनी तो विषय पुन्हा काढला. त्यांपैकी सर जेफ्री कॉर्बेट हे सरकारच्या वाणिज्य खात्याचे सचिव होते, तर मेजर केनेथ मेसन हे भारतीय सर्वेक्षण खात्यातील अधिकारी होते. १७ फेब्रुवारी १९२८ रोजी दिल्लीत लष्कराच्या मुख्यालयात स्थापनेची सभा झाली आणि सरसेनापती फील्ड मार्शल बर्डवुड पहिले अध्यक्ष झाले. कलकत्त्यात त्याआधी एकच वर्ष निघालेला ‘माउंटन क्लब ऑफ इंडिया’ डिसेंबर १९२८ मध्ये या क्लबात विलीन झाला. संस्थापक सभासदांत सनदी व लष्करी इंग्रज अधिकाऱ्यांचाच भरणा होता, हे स्मरणिकेत स्पष्ट लिहावे. ते झाकून परिचय लिहिला, तर तो अपुरा राहील.

मेसन यांनी १९२९ मध्ये ‘हिमालयन जर्नल’चा पहिला अंक काढला आणि १९४० पर्यंत ते स्वतः त्याचे संपादक होते. युद्धामुळे पडलेला खंड १९४६ मध्ये संपला आणि हे नियतकालिक आजही निघते. त्यात चढाईच्या वृत्तांताबरोबरच खिंडींच्या वाटा, हिमनद्यांची मोजमापे आणि फसलेल्या मोहिमांचे अहवाल आहेत. माझ्या मते फसलेल्या मोहिमांचे अहवालच अधिक मोलाचे आहेत, कारण ‘या धारेने वर जाता येत नाही’ हे कुणी तरी लिहून ठेवलेले असले, की पुढच्या तुकडीचा एक हंगाम वाचतो.

दुसरे काम दार्जिलिंगात चालले, आणि माझ्या दृष्टीने संस्थेचा खरा वारसा तोच आहे. त्या काळी तिबेटमार्गे एव्हरेस्टकडे किंवा सिक्कीममार्गे कांचनजंगेकडे निघणाऱ्या मोहिमा शेर्पांची भरती दार्जिलिंगात करीत, आणि हे शेर्पा मुख्यतः तुंगसुंग बस्तीत राहत. क्लबच्या तेथील मानद चिटणिसांनी त्यांची नोंदवही तयार केली. या कामात जोन टाउनेंड यांचा वाटा मोठा होता. प्रत्येकाला क्रमांक मिळाला आणि एक लहानशी पुस्तिकाही मिळाली, जिच्यात दर मोहिमेनंतर नेत्याने आपला शेरा लिहायचा. शेर्पासाठी ती पुस्तिका म्हणजे पुढच्या कामाची शिफारस होती, आणि वाईट शेरा पडला तर पोटावर पायही होता. १९३५ मध्ये एरिक शिप्टन एव्हरेस्टसाठी माणसे निवडत असताना एका नवख्या तरुणाजवळ अनुभवाचा कोणताच कागद नव्हता. तरीही त्याचे हसू आवडल्यामुळे आपण त्याला घेतले, असे शिप्टन यांनी पुढे लिहिले. तो तरुण म्हणजे तेनसिंग नोर्गे. निवडणाऱ्याच्या हाती केवढी सत्ता होती, हेही या गोष्टीतून दिसते.

अतिउंच तळांवर ओझी पोहोचवणाऱ्या शेर्पांना १९२४ च्या एव्हरेस्ट मोहिमेपासून ‘टायगर’ म्हणत. १९३८ च्या मोहिमेत काही शेर्पांनी ८,२०० मीटरहून उंच असलेल्या सहाव्या तळापर्यंत ओझी नेली; त्यानंतर क्लबने ‘टायगर’चा बिल्ला देण्यास सुरुवात केली, आणि बिल्ला मिळवणाऱ्यांत तेनसिंगही होते. पुढल्याच वर्षी के-टू शिखरावर मागे राहिलेल्या एका अमेरिकन गिर्यारोहकाला खाली आणण्यासाठी पासांग किकुली, पिंत्सो आणि कितार हे तिघे शेर्पा पुन्हा वर गेले आणि परतलेच नाहीत. दार्जिलिंगची वही आणि जर्नलचे अंक नसते, तर कदाचित ‘तीन हमाल दगावले’ एवढेच आपल्याला वाचायला मिळाले असते.

स्वातंत्र्यानंतर क्लबचा कारभार काही वर्षे कलकत्त्याहून चालला व १९७० च्या सुमारास तो मुंबईला आला. तेव्हापासून मुंबईकरांनी जर्नलचे संपादन सांभाळले. त्यांत हरीश कपाडिया यांची संपादकीय कारकीर्द विशेष दीर्घ होती. जगदीश नानावटी यांनी तर शिखर सर केल्याच्या दाव्यांची छाननी करण्याचे काम अंगावर घेतले. माथ्यावर काढलेल्या छायाचित्रात मागे कोणते डोंगर कोणत्या कोनात दिसतात, हे नकाशाशी ताडून पाहायचे आणि दावा खरा की खोटा ते ठरवायचे, अशी त्यांची पद्धत होती. हे काम लोकप्रियता मिळवून देणारे नव्हे, हे वेगळे सांगायला नको.

आता आपल्या स्मरणिकेविषयी. मंडळाच्या जुन्या मोहिमांच्या वह्या शिल्लक असतील, तर गडांच्या यादीला दोन पाने कमी द्या, आणि ज्या वाटाड्यांनी रानवाटा दाखवल्या, ज्यांच्या पडवीत आपली मंडळी झोपली आणि ज्यांच्या घरच्या भाकऱ्या शिदोरीला बांधून घेतल्या, त्यांची नावे गावांसह छापा. अशा वह्यांत बहुधा ‘वाटाड्या : १, रु. ५०’ एवढीच नोंद सापडते. नाव मिळवण्यासाठी त्या त्या गावी जाऊन यावे लागेल.

प्रश्न : शेर्पांना देण्यात येणारा ‘टायगर’ बिल्ला अजून मिळतो का?
– एक वाचिका, डोंबिवली

उत्तर : नाही. १९५० च्या आसपास नेपाळने परदेशी मोहिमांना दार उघडले, भरतीचे ठिकाण दार्जिलिंगहून काठमांडूला गेले, आणि दार्जिलिंगमध्येही शेर्पांनी तेनसिंग यांच्या पुढाकाराने स्वतःची संघटना उभारून कामे मिळवणे व मजुरी ठरवणे आपल्या हाती घेतले. तेव्हा क्लबच्या वहीची आणि बिल्ल्याची गरजच संपली, आणि ते योग्यच झाले. मात्र मोहिमांना साहाय्य करणाऱ्या शेर्पा व अन्य सहकाऱ्यांच्या गौरवार्थ क्लब अलीकडे ‘गरुड’ पदक देतो, आणि त्याला नानावटी यांचे नाव आहे.