आखूड केसांच्या मांजरांना लांब केसांचे पिल्लू कसे झाले?

आपली मांजरी आणि शेजारचा बोका हे दोघेही आखूड केसांचे असताना चार पिल्लांपैकी एक लांब केसांचे आणि झुपकेदार शेपटीचे निघाले, त्यामुळे एखादा पर्शियन बोका येऊन गेला असावा असा घरच्यांचा तर्क आहे, असे आपण लिहिले आहे. एकाच वेतातील पिल्लांचे वडील वेगवेगळे असू शकतात, त्यामुळे हा तर्क अगदीच अशक्य नाही. परंतु त्याची गरजही नाही.

मांजराच्या केसांची लांबी मुख्यतः एफजीएफ-५ या एका जनुकावर ठरते. या जनुकाची एक प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून येते. आखूड केसांची प्रत प्रभावी आणि लांब केसांची अप्रभावी असल्यामुळे पिल्लाला दोन्ही प्रती लांब केसांच्या मिळाल्या तरच त्याचे केस लांब होतात. एकच मिळाली, तर ते दिसायला आखूड केसांचे राहते, पण ती प्रत पुढच्या पिढीला देऊ शकते. अशा प्राण्याला वाहक म्हणतात. आपली मांजरी आणि तो बोका हे दोघेही वाहक असावेत. बाहेरचा पर्शियन बोका आला होता असे गृहीत धरले, तरीही दुसरी प्रत आपल्या मांजरीकडूनच आलेली असणार, म्हणजे सगळे श्रेय बोक्याला देता येत नाही.

‘प्रभावी’ या शब्दाने मात्र घोटाळा होतो. शाळेत वाटाण्याचे तक्ते पाठ करताना प्रभावी म्हणजे जोरकस आणि अप्रभावी म्हणजे दुबळे किंवा दुर्मीळ, असेच मी समजत होतो. वास्तविक केस काही काळ वाढतो, मग त्याची वाढ थांबते, मूळ विश्रांती घेते आणि जुना केस गळून नवा येतो. एफजीएफ-५ पासून बनणारे प्रथिन केसाच्या मुळाला ‘आता वाढ थांबव’ असा निरोप देते. जनुकाची एक प्रत धड असली तरी हा निरोप पोहोचण्याइतके प्रथिन तयार होते. दोन्ही बिघडल्या की वाढीचा काळ लांबतो आणि त्याबरोबर केसही लांबतो. लांब केस अप्रभावी असण्यामागचे कारण एवढेच आहे. हे जनुक निकामी केलेल्या उंदरांचे केस असेच लांब वाढल्याचे १९९४ साली दिसून आले. गिनीपिग आणि सशांमधील लांब केस अप्रभावी असल्याचे तर अमेरिकी आनुवंशिकी-संशोधक विल्यम कॅसल यांनी १९०५ सालीच, जनुकाचा पत्ता लागण्याच्या कितीतरी आधी, नुसत्या संकरांवरून दाखवले होते. कुत्र्यांमध्येही लांब केसांमागे मुख्यतः हेच जनुक आहे.

दोन वाहकांच्या प्रत्येक पिल्लाला लांब केस मिळण्याची शक्यता चारात एक असते, पण याचा अर्थ चार पिल्लांत नेमके एक असा नव्हे. चार पिल्लांच्या वेतात एकही लांब केसांचे नसण्याची शक्यता सुमारे ३२ टक्के आहे, त्यामुळे याच जोडीच्या पुढच्या वेतात सगळी पिल्ले आखूड केसांची झाली तरी नवल वाटू देऊ नका. उरलेली तीन भावंडेही याच जोडीची असतील, तर त्यांपैकी प्रत्येक वाहक असण्याची शक्यता तीनात दोन आहे.

शुद्ध पर्शियन आणि वाहक नसलेले देशी मांजर यांची पिल्ले सगळीच आखूड केसांची होतात, तेव्हा लोक ‘जात बिघडली’ म्हणून हळहळतात. प्रत्यक्षात त्यांतले प्रत्येक पिल्लू वाहक असते आणि लांब केस नातवंडांत पुन्हा दिसू शकतात.

आणखी एक गुंतागुंत आहे. २००७ साली मांजरांच्या या जनुकात लांब केस घडवणारे चार वेगवेगळे बदल सापडले. त्यांतला एक अनेक जातींत आढळतो, तर बाकीचे मेन कून, रॅगडॉल, नॉर्वेजियन फॉरेस्ट अशा मोजक्या जातींत. पिल्लाला आईकडून एक बदल आणि वडिलांकडून दुसरा मिळाला तरी केस लांबच होतात, कारण धड प्रत एकही उरत नाही. म्हणून आपली मांजरी वाहक आहे का हे डीएनए चाचणीने पाहणार असाल, तर त्या चाचणीत चारही बदल तपासले जातात की केवळ एकच, हे पैसे भरण्यापूर्वी विचारून घ्यावे.