गेम खेळताना लॅपटॉप अचानक बंद का पडतो? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : उन्हाळा लागल्यापासून माझा गेमिंग लॅपटॉप दुपारी खेळताना वीस मिनिटांत एकदम बंद पडतो. निळा स्क्रीन नाही, एरर नाही. रात्री तासभर नीट चालतो. दुरुस्तीवाले म्हणतात, विंडोज फॉरमॅट मारावे लागेल. मारू का? (विद्यार्थी, सिडको, नाशिक)

फॉरमॅट मारू नका. विंडोज किंवा ड्रायव्हर बिघडला असेल तर बहुतेक वेळा निळा स्क्रीन येतो, गेम गोठतो किंवा मशीन आपोआप रीस्टार्ट होते. फुंकर मारून दिवा विझवावा तसा लॅपटॉप विझत असेल, तर संशय दोनच गोष्टींवर घ्यायचा : उष्णता किंवा वीज. दोन्हींतली कोणती, हे घरी बसून, एक रुपया खर्च न करता कळते.

एचडब्ल्यूइन्फो (HWiNFO) हे तापमान दाखवणारे मोफत सॉफ्टवेअर उतरवून घ्या. त्यात फक्त सेन्सर दाखवण्याचा पर्याय निवडा, लॉगिंग (आकड्यांची सतत नोंद) सुरू करा आणि नेहमीसारखे खेळा. लॅपटॉप बंद पडला तरी नोंदींची फाइल डिस्कवर राहते. पुन्हा सुरू करून तिच्या शेवटच्या ओळी बघा.

आता इथे बरेच जण फसतात. प्रोसेसर ९५ अंशांवर दिसला की लोक लगेच 'गरम होऊन बंद पडला' म्हणतात. पण आजकालचे प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या मर्यादेला पोहोचले की आधी स्वतःचा वेग कमी करतात. तेव्हा गेम अडखळतो, फ्रेम पडतात, पण मशीन चालू राहते. वेग कमी करूनही तापमान चढतच राहिले, तरच ते स्वतःला वाचवण्यासाठी बंद होते. म्हणजे फॅन थांबलेला असतो, हवेची वाट पूर्ण तुंबलेली असते किंवा थर्मल पेस्ट (चिपची उष्णता पुढे पोहोचवणारा लेप) वाळून कोरडी झालेली असते. उलट शेवटच्या ओळीत प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोन्ही ७५-८० अंशांवर निवांत असतील, तर पेस्ट बदलून काही होणार नाही. चार्जर आणि बॅटरी तपासा.

तुमचा लॅपटॉप दुपारी पडतो आणि रात्री चालतो, त्यामुळे माझा कल उष्णतेकडे आहे. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो आणि स्लॅबखालची वरच्या मजल्यावरची खोली संध्याकाळपर्यंत तापलेलीच असते. खोलीची हवा दहा अंशांनी गरम झाली, तर आतली चिपही साधारण तेवढीच जास्त तापते. त्यात सिंहस्थाच्या तयारीसाठी शहरभर रस्ते खोदले आहेत, ती धूळ घरात येतेच. लॅपटॉपमध्ये ती फॅन आणि तांब्याच्या किंवा अॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांच्या मधोमध जमते आणि नमद्यासारखा थर होतो. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते, आत हवा जातच नाही.

सफाईसाठी खालचे झाकण उघडावे लागते. वॉरंटी चालू असेल तर आधी सर्व्हिस सेंटरला विचारा. ब्लोअर मारताना फॅनचे पाते काडीने धरून ठेवायला सांगा. वाऱ्याने ते भलत्या वेगाने फिरले तर बेअरिंग खराब होते. आणखी एक गोष्ट : काही महागड्या मॉडेलमध्ये पेस्टच्या जागी लिक्विड मेटल असते. त्यातून वीज वाहते, बोर्डावर थेंब सांडला तर शॉर्टसर्किट होते. कारागिराला हे माहीत नसेल तर हीटसिंक (चिपवरचा उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) काढू देऊ नका.

तोवर गेममध्ये फ्रेमची मर्यादा सेकंदाला ६० करा आणि पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल क्षमता ९९ टक्के ठेवा. त्याने टर्बो (प्रोसेसरचा जास्तीचा वेग) बंद होतो आणि तापमान ठळक उतरते. गादीवर ठेवून खेळणे तर आजपासून बंदच.

प्रश्न : लाइट गेली की इन्व्हर्टर लगेच लागतो, ट्यूब नुसती लुकलुकते. पण गेम चालू असेल तर लॅपटॉप बंद होतो. स्टॅबिलायझर घ्यावा का? (सातपूर)

स्टॅबिलायझरचे पैसे वाचवा. लॅपटॉपचा चार्जर साधारण १०० ते २४० व्होल्टपर्यंत काम करतो, हे त्याच्या लेबलवरच लिहिलेले असते. तो क्षणाचा खंड लॅपटॉपच्या बॅटरीने सांभाळायचा असतो. ती सांभाळत नाही, म्हणजे बॅटरी थकली आहे. शिवाय बरेच गेमिंग लॅपटॉप जोराच्या क्षणी चार्जरसोबत बॅटरीतूनही वीज ओढतात. त्यामुळे थकलेल्या बॅटरीवर लाइट असतानाही मशीन पडू शकते.

पूर्ण चार्ज करा, गेम बंद ठेवा आणि पिन काढा. लगेच विझला तर निदान झालेच. विझला नाही, तर विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमधून (आज्ञा टाइप करायची खिडकी) बॅटरी रिपोर्ट काढा आणि मूळ क्षमता व आजची पूर्ण चार्ज क्षमता शेजारी ठेवून बघा. आजची निम्म्यावर आली असेल तर बॅटरी बदला. आणि बॉडीला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर घरचे अर्थिंग तपासून घ्या, तो वेगळा आजार आहे.

प्रश्न : मुलाच्या लॅपटॉपचा टचपॅड एका बाजूने वर आला आहे, झाकण नीट लागत नाही. तो म्हणतो, चालतंय ना. मधूनमधून बंदही पडतो. (एक आई, इंदिरानगर)

ताई, आजच बंद करा आणि चार्जर काढा. आतली बॅटरी फुगली आहे. दाबून झाकण लावू नका, टोचू नका, उन्हात ठेवू नका. फुगलेली लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते. तसाच सर्व्हिस सेंटरला न्या. तिथे बॅटरी बदलेपर्यंत त्याला चार्जिंग लावायचे नाही, मुलाने कितीही गळ घातली तरी.

प्रश्न : सेकंडहँड लॅपटॉप घेतला. सोबत १२० वॅटचा चार्जर मिळाला. साधे गेम चालतात, एका मोठ्या गेमला मात्र दर वेळी बंद होतो. तापमान ठीक आहे. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) 'कर्नल-पॉवर ४१' दिसतो, म्हणजे आतला पॉवर सप्लाय गेला का? (नाशिकरोड)

ती नोंद एवढेच सांगते की विंडोज नीट बंद न होता मशीन थांबले. कारण त्यात नसते, घाबरू नका. तुमच्या मॉडेलला कंपनी किती वॅटचा चार्जर देते ते आधी शोधा. मोठ्या ग्राफिक्स कार्डाच्या मशीनला १८०, २३० किंवा त्याहून जास्त लागतात. कमी वॅटचा चार्जर मोठ्या गेमच्या झटक्याला टिकत नाही. बंद पडल्या क्षणी चार्जरचा दिवा बघा. तोही विझला असेल आणि भिंतीतून काढून थोड्या वेळाने पुन्हा लावल्यावर पेटत असेल, तर चार्जर ओझ्याने ट्रिप होतो आहे. मूळ वॅटेज आणि मूळ व्होल्टचाच घ्या, नुसती पिन बसते म्हणून दुसरा लावू नका. तोवर तो मोठा गेम ६० ऐवजी ३० फ्रेमवर खेळून बघा. बंद पडणे थांबले तर खात्री पटेल.