लिनक्सवर ग्राफिक्स टॅबलेट माउससारखाच चालतो, पेनचा दाब लागत नाही. ड्रायव्हर पुन्हा टाकू का?

नका टाकू, आधी टॅबलेट कुणाच्या ताब्यात आहे ते बघा. तुम्ही लिहिलंय की उबुंटूवर पॉइंटर हलतो, क्लिक होतं, पण क्रिता या चित्रं काढायच्या प्रोग्राममध्ये रेघ एकाच जाडीची येते आणि हळदीच्या पाकिटांचं काम अडलंय. म्हणजे केबल आणि पेन बहुतेक धड आहेत, टॅबलेट भलत्या ड्रायव्हरने धरलाय. मीही सांगलीत बेदाण्याच्या खोक्यांची लेबलं करतो. दाब नसेल तर अक्षराला जाड-बारीक वळण येतच नाही, त्यामुळे तुमची घाई कळते.

टॅबलेट जोडला की कर्नल (लिनक्सचा गाभा) त्याचा कंपनी-क्रमांक आणि मॉडेल-क्रमांक वाचतो. वॅकॉमचा कंपनी-क्रमांक ०५६ए, ह्युइऑनचा २५६सी, एक्सपी-पेनचा २८बीडी. वॅकॉमसाठी कर्नलमध्ये 'वॅकॉम' ड्रायव्हर आहे, बाकीच्यांच्या पुष्कळ मॉडेलांसाठी 'एचआयडी-यूसीलॉजिक'. दोन्हीपैकी कुणी आलं नाही, की 'एचआयडी-जेनेरिक' टॅबलेट घेतो. यूसीलॉजिक जोडताना टॅबलेटकडे ठरावीक माहिती मागतो आणि ती मागितल्यावरच असे बरेच टॅबलेट पूर्ण मोडमध्ये येतात. जेनेरिक ती मागतच नाही.

आता तपासणी. (कमांड रोमन लिपीतच टाइप करायच्या.) 'एलएसयूएसबी -टी' बघून फसू नका. तिथे ड्रायव्हर म्हणून 'यूएसबीएचआयडी' दिसतो, पण तो खालचा थर आहे, सगळं नीट असतानाही तोच दिसतो. खरं उत्तर '/सिस/बस/एचआयडी/डिव्हाइसेस' मध्ये मिळतं. तिथे '०००३:२५६सी:००६ई.०००४' अशा नावाचे फोल्डर असतील. ०००३ म्हणजे यूएसबी, पुढे कंपनी आणि मॉडेल. प्रत्येकात 'ड्रायव्हर' नावाची लिंक असते, ती कुठे जाते ते 'एलएस -एल' ने बघा. एकाच टॅबलेटचे दोन-तीन फोल्डर असतात, सगळे बघा.

लिंक 'एचआयडी-जेनेरिक' कडे गेली, तर माझा पहिला संशय ब्लॅकलिस्टवर, म्हणजे कोणते ड्रायव्हर आपोआप लोड करायचे नाहीत त्या यादीवर. तुम्ही आधी कधी ओपनटॅबलेटड्रायव्हर हा बाहेरचा ड्रायव्हर टाकला होता का? त्याला टॅबलेट स्वतः वाचायचा असतो, म्हणून तो कर्नलचे दोन्ही ड्रायव्हर ब्लॅकलिस्टमध्ये टाकतो. तो काढल्यावर ती ओळ मागे राहिली असेल तर यूसीलॉजिक आपोआप लोड होत नाही. '/ईटीसी/मॉडप्रोब.डी' आणि '/यूएसआर/लिब/मॉडप्रोब.डी' या दोन्ही फोल्डरांत 'यूसीलॉजिक' शोधा, ओळ काढा, 'अपडेट-इनिटरॅमएफएस -यू' चालवा आणि मशीन रीस्टार्ट करा. ओपनटॅबलेटड्रायव्हरच वापरायचा असेल तर कर्नलच्या वाटेला जाऊ नका. दोघांना एकच टॅबलेट देता येत नाही.

ब्लॅकलिस्ट नसेल तर 'सुडो मॉडप्रोब एचआयडी_यूसीलॉजिक' चालवा. 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' असं आलं, तर सिक्युअर बूट (सही नसलेला कोड चालू न देणारी सोय) आडवं आलंय. बाहेरून टाकलेलं डिजिमेंड प्रकल्पाचं मॉड्यूल (म्हणजे ड्रायव्हरची फाइल) सही नसलेलं असलं की असं होतं. तुमचं मॉडेल कर्नलच्या स्वतःच्या ड्रायव्हरला ओळखू येत असेल तर बाहेरचं काढून टाका. सिक्युअर बूट बंद करण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

मॉड्यूल लोड होऊनही टॅबलेट जेनेरिककडेच अडकला असेल, तर हाताने सोडवा. त्या फोल्डरचं पूर्ण नाव आधी 'एचआयडी-जेनेरिक' च्या 'अनबाइंड' फाइलमध्ये लिहा, मग 'यूसीलॉजिक' च्या 'बाइंड' मध्ये. 'सुडो एको' करून बाण (>) देऊ नका, फाइल उघडताना सुडोचा अधिकार लागू होत नाही आणि परवानगी नाकारली जाते. 'एको' चा निकाल 'सुडो टी' कडे पाइप करा. टॅबलेट काढून जोडला की हे पुसलं जातं, म्हणून याने दाब आला तरी मूळ कारण शोधावंच लागेल. 'नो सच डिव्हाइस' आलं तर तुमचा मॉडेल-क्रमांक या कर्नलच्या यादीत नाही. मग नवीन कर्नल टाकून बघा.

एवढ्यानेही दाब आला नाही, तर टॅबलेट काढून पुन्हा जोडा आणि कर्नलच्या नोंदी दाखवणाऱ्या 'डीमेसेज' च्या शेवटच्या वीसेक ओळी आणि कर्नलची आवृत्ती इथे टाका. मी बघतो.